कंडक्टरचं मशीन संगणक आहे का?

"संगणकाची दोन उदाहरणे लिहा." एका मुलाने लिहिलं, 'एसटी कंडक्टरचं तिकीट मशीन'. मी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी चिखली-बुलढाणा एसटीत तेच मशीन नीट पाहिलं आणि चूक माझी होती हे कळलं.

माहिती घेणारे, साठवणारे, दिलेल्या सूचनांप्रमाणे तिच्यावर प्रक्रिया करून उत्तर देणारे यंत्र म्हणजे संगणक. त्याला मॉनिटर-माउस हवाच असे नाही. कंडक्टर चढायचा-उतरायचा थांबा निवडतो. मशीन ६ किलोमीटरच्या टप्प्यांवरून भाडे काढते, तिकीट छापते, दिवसभराचा हिशेब ठेवते. भाडेवाढ झाली की मशीन तेच, दर तेवढे नवे भरायचे. साध्या कॅल्क्युलेटरला असं नवं काही शिकवता येत नाही, म्हणून तो मी या यादीत धरत नाही.

हातातल्या संगणकांचे गट आकारापेक्षा कामावरून पाडलेले बरे. तिकीट मशीन एकाच कामाचे. ॲपलचा न्यूटन (१९९३) आणि पाम पायलट (१९९६) म्हणजे हातातल्या डायऱ्या: पत्ते, तारखा, नोंदी, फोन मात्र करता येत नसे. स्मार्टफोन आणि टॅबलेट बहुउद्देशीय, ॲप बदललं की काम बदललं. ज्या फोनवर पोरं गेम खेळतात, त्याच फोनवर २०२१ पासून त्यांचे बाबा ई-पीक पाहणीत सोयाबीन नोंदवतात. (शेतात रेंज मिळाली तर!) तरी पालकसभेत ऐकू येतंच, "सर, आमच्याकडे कुठला कॉम्प्युटर?"

त्या मुलाला गुण दिला. आता तो विचारतोय, लाइट बिलवाल्यांचं मशीन कोणत्या गटात?