गंजलेल्या कामियोनेतचे मोल

आपल्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोणत्याही गावात गेले, तर एखाद्या घरामागे आंब्याच्या झाडाखाली एक जुनी गाडी उभी दिसते. तिच्या चाकांत वारा नसतो, बसण्याच्या जागेवर कोंबडी अंडी घालते आणि पत्र्यावर गंजाचे तांबडे नकाशे उमटलेले असतात. घरचे लोक म्हणतात, "राहू दे, बाबांची आहे." एक दिवस बाबा राहत नाहीत, आणि मग प्रश्न उभा राहतो : हिचे मोल किती?

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकींनी आम्हाला विचारला. काका जाऊन आठ महिने झाले होते. मागे राहिली ती एक मॉरिस मायनर पिकअप, म्हणजे आपल्या गावातल्या बोलीत 'कामियोनेत'. एका भंगारवाल्याने नऊ हजार रुपये देऊ केले होते. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा माणूस साठ हजार म्हणत होता. थोरला मुलगा फ्रान्सहून टेलिफोनवर सांगत होता, की जुन्या गाड्यांना लाखो रुपये मिळतात, घाई करू नका. मुलगी येथेच, वाक्वाला असते. काकींच्या स्वयंपाकघराचे छप्पर गळत होते. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही मुलांना हिशेब शिकवता. मला एवढा एक हिशेब करून द्या."

आम्ही होकार दिला आणि तेथेच पहिली चूक केली. एका लग्नाच्या वरातीत आम्ही अशीच एक मॉरिस चकचकीत रंगवलेली पाहिली होती. तिची किंमत ऐकली होती, ती आठवून आम्ही काकींना म्हणालो, "निदान दोन लाख तरी येतील." वाचकहो, न तपासता दिलेले उत्तर मुलांच्या वहीत आम्ही लाल शाईने खोडतो. स्वतःच्या तोंडचे मात्र खोडायचे राहून गेले.

दुसऱ्या रविवारी आम्ही एका निवृत्त मेकानिक मामांना बरोबर नेले. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी गाड्या दुरुस्त केल्या आहेत. त्यांच्या पिशवीत चारच वस्तू होत्या : एक लोहचुंबक, एक जुना पेचकस, एक लहान हातोडी आणि एक बॅटरी. "बाकी सगळे डोळे करतात," ते म्हणाले.

प्रथम त्यांनी गाडीचे वय काढले. मॉरिस मायनर १९४८ साली इंग्लंडमध्ये बाजारात आली. पुढे मिनी ही प्रसिद्ध गाडी ज्यांनी रचली, त्याच अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ती रचना. कंपनीचे मालक विल्यम मॉरिस यांना मात्र तिचे रूप मुळीच आवडले नव्हते. पाण्यात शिजवलेल्या अंड्याशी त्यांनी तिची तुलना केली होती, असे सांगतात. पण हेच अंडे पुढे दहा लाखांचा आकडा ओलांडणारी पहिली इंग्रजी गाडी ठरले. तिची बंद व्हॅन आणि उघडी पिकअप १९५३ मध्ये निघाली. आरंभी पाव टन माल वाहण्यासाठी ती होती, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. १९५६ पर्यंतच्या गाड्यांची समोरची काच मध्ये पट्टी असलेली, दोन तुकड्यांची असे. नंतर ती एकसंध झाली. १९६१ च्या सुमारास बाजूने बाहेर येणारे हातासारखे इशारे गेले आणि लुकलुकणारे दिवे आले. काकांच्या गाडीची काच एकसंध आणि दिवे लुकलुकणारे, तेव्हा ती १९६१ नंतरची. नोंदणीपुस्तकात साल १९६५ होते. पुस्तक आणि गाडी यांचे येथवर जुळले.

मग मामा खाली वाकले. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मॉरिसच्या साध्या मोटारीचा सांगाडा तिच्या अंगातच असतो. पत्रा हेच तिचे हाड. पण व्हॅन आणि पिकअप यांना खाली लोखंडी चासी वेगळी असते, आणि वरचे अंग तिच्यावर बोल्टांनी बसवलेले असते. त्यामुळे वरचा पत्रा कितीही सडला, तरी चासी धड असेल तर गाडी उभी राहू शकते. उलट वरून सुंदर दिसणारी गाडी चासी सडलेली असेल तर केवळ चित्र आहे.

मामांनी चासीवर पेचकस टोचत नेला. पुढच्या बाजूला लोखंडाने टणक उत्तर दिले. मागे, जेथे पाटे म्हणजे स्प्रिंगा अडकवलेल्या असतात, तेथे पेचकस बिस्किटात जावा तसा आत गेला. दोन्ही बाजूंना तेच. "माल भरायचा, समुद्रकाठच्या रस्त्याने न्यायचा, आणि खालून कधी धुवायचे नाही," मामा म्हणाले. खारा वारा आणि चिखल एकत्र साचला, की ओल तेथून हलत नाही, आणि लोखंड आतून बाहेर सडत येते. डोळ्यांना दिसतो तेव्हा गंज आपले अर्धे काम उरकून बसलेला असतो.

नंतर लोहचुंबक. केबिनच्या खालच्या कडांना तो धरला, तर दोन ठिकाणी तो चिकटेना. तेथे पत्राच नव्हता, रंगाखाली पुटी भरलेली होती. काकांनी कधीतरी गणपतीआधी घाईने भरून घेतली असावी. मागच्या मालाच्या पेटीची जमीन तीन ठिकाणी पार गेली होती. कोंबड्यांना ते ठाऊक होते, आम्हाला नव्हते.

इंजिनाची गोष्ट निराळी निघाली. आम्ही किल्ली फिरवू लागलो, तसा मामांनी आमचा हात धरला. वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन एकदम सुरू करू नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे, ते मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. तासाभराने इंजिन जड हाताने, पण फिरले. म्हणजे ते अडकलेले नव्हते. मात्र इंजिनावरील क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी जुळेना. काकींना आठवले : १९७५ च्या फेब्रुवारीत जर्वेज वादळानंतर काका महिनाभर लोकांच्या छपरांचे पत्रे वाहत होते, त्यातच इंजिन गेले, आणि दुसऱ्या मोडक्या मॉरिसचे बसवले. संग्राहकाच्या नजरेत यामुळे किंमत उतरते. शिवाय त्या काळची इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनवलेली. आजच्या पेट्रोलवर नियमित चालवायची तर वॉल्वच्या बैठका कठीण धातूच्या घालाव्या लागतात. पुढच्या चाकांचे खालचे सांधे ग्रीसवाचून झिजलेले होते. ते निसटले तर चालत्या गाडीचे चाक आडवे होते. आणि ब्रेकचा मुख्य सिलिंडर चालकाच्या पायांखाली, चासीच्या आत बसवलेला. तो बदलणे म्हणजे दिवसाचे काम.

हे सगळे पाहून झाल्यावर आम्ही काकींच्या ओसरीवर पाटीवरच्या गणितासारखा हिशेब मांडला. जुन्या गाडीचे मोल काढण्याची रीत अशी : ती पूर्ण दुरुस्त झाली तर बाजारात काय येईल, त्यातून दुरुस्तीचा सगळा खर्च वजा करा, आणि न दिसलेल्या दोषांसाठी आणखी काही वजा करा. जे उरते ते मोल. समजा, तयार पिकअपला चार लाख मिळतात. चासीचे मागचे पाय, केबिन, पेटी, ब्रेक, सांधे, इंजिन, टायर, रंग आणि कारागिराची मजुरी मिळून मामांनी तीन लाख चाळीस हजार धरले. राहिले साठ हजार. त्यातून अनपेक्षित खर्चाचे दहा-पंधरा हजार काढले, की पंचेचाळीस ते पन्नास हजार. एवढेच. गंज इंजिनापेक्षा महाग असतो, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. इंजिनाचे भाग आजही मिळतात, पण सडलेला पत्रा हातानेच घडवावा लागतो.

आम्ही काकींची क्षमा मागितली. दोन लाखांचे आमचे उत्तर चूक होते. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही सांगितले तेव्हाच मला खरे वाटले नव्हते."

काही दिवसांनी कात्र बोर्नचा एक तरुण आला. तो स्वतः वेल्डिंगचे काम करतो. मामांसारखाच तो आधी जमिनीवर आडवा झाला आणि उठून म्हणाला, "पंचेचाळीस हजार. पण मी ती रस्त्यावर आणीन." हॉटेलचा माणूस मात्र साठ हजारांवर कायम होता. त्याला चासीशी काही देणेघेणे नव्हते. पेटीत माती भरून तो फुले लावणार होता, गाडी समुद्रासमोरच्या हिरवळीवर उभी करणार होता. त्याला गाडीचा चेहरा हवा होता.

आता प्रश्न पंधरा हजारांचा होता. आम्ही प्रामाणिकपणे सांगितले, "काकी, हिशेबाने हॉटेलचा भाव बरा आहे. तीन वाटेकरी आहेत, छप्पर गळते आहे."

काकी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, याच पेटीत केळीचे खांब बांधून आम्ही दरवर्षी गणपती समुद्रावर नेला. माझी मुलगी लग्न होऊन याच गाडीतून सासरी गेली. त्याचे तुम्ही काही धरले नाही."

"ते धरता येत नाही," आम्ही म्हणालो. "घेणारा त्याचे पैसे देत नाही."

"घेणाऱ्याने कशाला द्यावे?" त्या म्हणाल्या. "मी देते. गाडी त्या पोराला द्या. साठ हजार धरून मुलांचे हिस्से करा, आणि पंधरा हजार माझ्या हिश्श्यातून कमी करा."

वाचकहो, पंचवीस वर्षे आम्ही मुलांना वजाबाकी शिकवत आलो, पण अशी वजाबाकी पाहिली नव्हती. वीस हजारांतून पंधरा गेले, म्हणजे त्या बाईच्या हाती उरणार पाच. मुलीला कळले, तेव्हा तिने सांगितले की हिस्से पंचेचाळीसचेच करा. फ्रान्सच्या मुलाने एक रात्र विचार केला. सकाळी त्याचा टेलिफोन आला. तो म्हणाला, "माझा हिस्सा आईच्या छपराला लावा." भावाबद्दल तो पुढे बोलला नाही.

कागदपत्रांना दोन महिने लागले. गाडी मृताच्या नावावर असली की आधी नोतेरकडून वारसांचे कागद, मग नोंदणी. ज्यांच्या घरामागे अशी गाडी आहे, त्यांना आमचे सांगणे एवढेच : वडीलधारी माणसे हयात असतानाच नोंदणीपुस्तक शोधून ठेवा. गाडी झाडाखालून काढून कोरड्या जागी उभी करा. खालून गोड्या पाण्याने धुवा. तिचा एकही भाग सुटा विकू नका. अपुऱ्या गाडीला भाव नसतो. आणि कोणी आकडा सांगितला, मग तो गुरुजी का असेना, तर त्याला आधी विचारा, "तुम्ही खाली वाकून पाहिले का?"

त्या तरुणाने चासीचे मागचे दोन्ही पाय नवे घातले आहेत. गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही; पैसे येतील तसे तो काम करतो. काकींच्या स्वयंपाकघरावर नवे पत्रे चढले आहेत. आंब्याखाली गाडीच्या आकाराचा गवत नसलेला चौकोन तेवढा राहिला आहे. तेथे काकींनी अजून काही लावलेले नाही.