वाढत्या मेंदूतील सेरोटोनिन

चाकणच्या एका कारखान्यातील कंत्राटी कामगार गेल्या वर्षी आमच्याकडे आला. बायको सहा महिन्यांची गरोदर. मन खचण्याच्या आजारावर डॉक्टरांनी तिला फ्लुओक्सेटिनच्या गोळ्या दिलेल्या. शेजारीण म्हणाली, “गोळी पोराच्या मेंदूत जाते, आजच बंद कर.” आम्ही बोनस आणि बडतर्फीचे तंटे लढणारे, डॉक्टर नव्हे. त्याला परत दवाखान्यात धाडले आणि आम्ही स्वतः पुस्तके धुंडाळली. जे उमगले ते येथे मांडतो.

मेंदूतील पेशी एकमेकींस रसायनांच्या द्वारे निरोप देतात. सेरोटोनिन हा असा एक निरोप्या. १९४८ साली ते रक्तातून वेगळे काढण्यात आले, १९५३ साली मेंदूत आढळले. निरोप पोचला की धाडणारी पेशी त्यास परत ओढून घेते. फ्लुओक्सेटिन हे परत ओढणे रोखते. म्हणून सेरोटोनिन दोन पेशींमधील फटीत अधिक वेळ टिकते.

परंतु वाढत्या मेंदूत याच रसायनाकडे दुसरे काम असते. कोणती पेशी कोठे जावी, कोणता धागा कोणाशी जुळावा, हे ठरण्यात त्याचा वाटा असतो. तयार यंत्रास तेल घालणे निराळे आणि साचा घडत असता त्यात हात घालणे निराळे, हे पिंपरीच्या फिटरला सांगावे लागत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने उंदरांच्या पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत हे औषध दिले. पिले मोठी होऊन अधिक भित्री निघाली. त्याच काळात सेरोटोनिनचा निरोप घेणारी काही ठराविक दारे दुसऱ्या औषधाने बंद ठेवली, तेव्हा हा भित्रेपणा आला नाही. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झाले.

मग शेजारीण खरी ठरली काय? अर्धीच. गोळीतील औषध वारेतून गर्भापर्यंत पोचते, हे खरे. काही बाळे जन्मानंतर थोडे दिवस किरकिरी राहतात, हेही खरे. पण उंदराचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. मुलांच्या पुढील वाढीवरील पाहण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. कारण आईचा आजार आणि गोळी यांचे परिणाम वेगळे काढणे कठीण असते. शिवाय उपचाराविना राहिलेला आजारही आई व बाळ दोघांनाही बाधतो, कधी आईच्या जिवावर उठतो. गोळी एकाएकी तोडल्यास तो उलटू शकतो. म्हणून चालू ठेवणे, कमी करणे वा बदलणे हे डॉक्टरांसमोर बसूनच ठरावे.

त्या बाईंची गोळी डॉक्टरांनी चालू ठेवली आणि दर पंधरवड्यास बोलावले. प्रत्येक खेपेस नवऱ्याचा एक खाडा पडला, पगार कापला गेला. यंत्राच्या देखभालीसाठी लाइन थांबते. घडत्या मेंदूसाठी अर्धा दिवस भरपगारी मिळू नये काय? हा प्रश्न आम्ही आता मागणीपत्रात घातला आहे.