साडेतीन महिन्यांचं गणित

‘नवीन कॉम्बिनेशन आलंय, आयुष्य वाढतं म्हणे!’ घरात कॅन्सरचा पेशंट असला की अशी बातमी कुणीतरी पाठवतंच. मग डॉक्टरांना पहिला प्रश्न, आमच्या बाबांना हेच का नाही देत? मी हेल्थवर लिहिते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेही येतो. तेव्हा मी ही एक स्टोरी सांगते.

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटपैकी साधारण पंधरा जणांना ‘स्मॉल सेल’ प्रकार असतो. बहुतेक सगळे स्मोकर. हा कॅन्सर भलताच फास्ट. सापडतो तोवर बऱ्याचदा छातीबाहेर पसरलेला असतो. केमोने आधी झटकन आटोक्यात येतो आणि नंतर पुन्हा उलटतो. यावर १९८०च्या दशकापासून ठरलेली जोडी म्हणजे सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड.

जपानी डॉक्टरांनी त्यातलं इटोपोसाइड काढलं आणि इरिनोटेकान घातलं. (यात आपलाही माणूस आहे बरं का! इरिनोटेकान ज्या कॅम्प्टोथेसिनपासून बनतं, त्याचा शोध १९६६मध्ये जाहीर करणाऱ्या टीममधले मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे.) पेशंट होते १५४. कुणाला कुठली जोडी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. रिझल्ट २००२मध्ये छापून आला. जुन्या जोडीवरचे निम्मे पेशंट ९.४ महिन्यांहून जास्त जगले, नव्या जोडीवरचे निम्मे १२.८ महिन्यांहून. जवळपास साडेतीन महिन्यांचा फरक! खरं तर २३० पेशंट घ्यायचे होते, पण हा फरक बघून ट्रायल मध्येच थांबवली.

म्हणजे जिंकलो? थांबा. अमेरिकेत स्वॉग या ग्रुपने तीच जोडी, तेच डोस घेऊन ६५१ पेशंटवर पुन्हा ट्रायल केली. २००९चा रिझल्ट : नवी जोडी ९.९ महिने, जुनी ९.१. स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत, फरक नाही. वर नव्या जोडीवर १९ टक्के पेशंटना जोरदार जुलाब, जुन्या जोडीवर ३ टक्क्यांना.

असं का? जपानी आणि अमेरिकन शरीरं हे औषध वेगवेगळं पचवत असतील, हा एक अंदाज. दुसरं म्हणजे लहान ट्रायल लवकर थांबवली की फायदा आहे त्यापेक्षा मोठा दिसू शकतो.

इटोपोसाइड मात्र टिकलं. २०१८मध्ये कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइडला अ‍ॅटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीची साथ मिळाली. ४०३ पेशंटच्या ट्रायलमध्ये १०.३ महिन्यांचे १२.३ झाले. दोनच महिने? ज्या घरात मुलीचं लग्न ठरलंय, त्यांना विचारा.

म्हणून पुढच्या वेळी ‘चमत्कार’ आला की डॉक्टरांना बिनधास्त विचारा : पेशंट किती होते? तुलना कशाशी केली? त्रास किती झाला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या कुणी हे पुन्हा करून पाहिलंय का?