घिसाड्याची शागिर्दी

बारा बलुतेदारांतल्या लोहाराला गावाने वतन दिले, बलुते दिले; दारोदार फिरणाऱ्या घिसाड्याच्या वाट्याला मात्र गावकुसाबाहेरची चिंचेची सावली आणि हंगामापुरता मुक्काम एवढीच मामूल वहिवाट आली; आणि तरीही पोलाद म्हणजे काय हे मला प्रथम उमगले ते त्या सावलीतच. जमीन उकरून केलेली भट्टी, सायकलच्या चाकाने फिरणारा पंखा हाच भाता, एवढा, ज्यांच्याकडे मी शिकलो त्या घिसाडी मामा-मावशींचा सरंजाम. ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पण तो आडवा न टाकता जमिनीत उभा रोवलेला, म्हणजे घणाखाली साऱ्या लांबीचे वजन यावे. ही योजना मला अजूनही अत्यंत बुद्धिमान वाटते.

घण मावशी चालवीत. मामा सांडशीत लाल पाटा धरून लहान हातोडीने जिथे टिचकी मारीत, नेमका तिथेच पुढचा घाव पडे. बोलण्याचे काम नसे. मालट्रकच्या तुटक्या कमानीच्या त्या पाट्यात शेकडा सुमारे ०.६ कार्बन असतो, आणि पाणी चढते ते त्याच्याच बळावर. साध्या मऊ लोखंडाला कितीही विझवा, धार टिकत नाही.

माझे पहिले खुरपे मी पांढुरके होईतो तापवून पाण्यात बुडविले. टच् असा बारीक आवाज झाला आणि पात्यावर केसासारखी भेग उमटली. मामांनी ते ऐरणीवर मोडून दाखविले : आत साखरेसारखे भरड, चकाकते कण. ‘‘दादा, घणाकडं काय बघता, रंगाकडं बघा,’’ मावशी म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्याला साधनाची गरज नव्हती. मी मात्र मोडक्या कर्ण्यातले लोहचुंबक तारेला टांगले, कारण ७७० अंशांच्या सुमारास तापले की पोलाद चुंबकाला ओळख देत नाही. दुसरे पाते त्याहून किंचित अधिक, गुंजेच्या लालीवर, जळक्या तेलात विझविले. कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. मग विटेने घासून पाठ निखाऱ्याशी धरली, तेव्हा उजळ पात्यावर पाठीकडून धारेकडे रंग सरकू लागले : आधी वाळल्या गवताचा पिवळा, मागोमाग तपकिरी, त्याच्या पाठीशी जांभळा, आणि निळा अद्याप पाठीपाशीच. धारेवर तपकिरी पोचताच मामांनी माझा हात धरून पाते पाण्यात घातले.

मावशींनी ते उन्हाकडे धरून बारकाईने पाहिले, आणि काही न बोलता बाजारच्या विक्रीच्या ढिगात ठेवले.