लहान घरमालकाच्या अडचणी

निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली पुंजी बँकेंत ठेवावी, कीं एखादी लहान सदनिका घेऊन ती भाड्यानें द्यावी, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत पुनःपुन्हां निघतो. भाडेकरूचें नांव निघतांच वडील माणसें साशंक होतात. एकदां आंत शिरलेलें बिऱ्हाड निघत नाहीं, ही त्यांची भीति निव्वळ ऐकीव नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत जागेची टंचाई झाली आणि पुढें १९४७ च्या कायद्यानें भाडीं सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या दरावर बांधून टाकलीं. भाडेकरूस संरक्षण देणें त्या वेळीं अवश्यच होतें. परंतु मुदतीचा म्हणून आलेला हा निर्बंध वाढत वाढत अर्धें शतक टिकला. चुना, सिमेंट, मजुरी यांचे भाव कोठच्या कोठें गेले. भाडें मात्र जागचें हललें नाहीं. मालकांनीं दुरुस्ती सोडली, पागडीची चाल रूढ झाली आणि चाळींचे जिने कुजत राहिले. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही भाडेबंदी काळाच्या ओघांत अवाजवी झाल्याचें सांगितलें. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अंमलांत आला व त्यानें सालीना शेंकडा ४ वाढीची मुभा दिली.

आज नव्यानें घर देणारा मालक बहुधा त्या जुन्या चौकटींत येतच नाहीं. तो 'लीव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे परवान्याचा, करार करतो. भाडेकरूस जागेंत हक्क उत्पन्न होतो. परवानाधारकास ठराविक मुदतीपर्यंत राहण्याची केवळ अनुज्ञा असते. राहण्यासाठीं दिलेली जागा मुदतीनंतर तो न सोडील तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो, व पुढील काळासाठीं ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागतां येते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत प्रतिज्ञापत्र करून परवानगी मिळविल्याखेरीज परवानाधारकास बचावही करतां येत नाहीं. दुकानाच्या गाळ्यास हा जवळचा मार्ग नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

हें सारें संरक्षण कागदावर अवलंबून आहे, आणि नेमकी तेथेंच गफलत होते. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं, असा समज अद्यापि प्रचलित आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यांत एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून तो निघाला. परंतु महाराष्ट्राच्या कायद्याचें कलम ५५ मुदत पाहत नाहीं. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तसें नसेल तर अटींविषयीं राहणाऱ्याचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. चार पैसे वाचविण्यासाठीं साध्या मुद्रांकावर सह्या घेणारा गृहस्थ आपलें शस्त्र आपणच दुसऱ्याच्या हातीं देतो. मग संतापून पाणी वा वीज तोडण्याचा विचार मनांत येतो. भाडेकरूच्या बाबतींत त्यासही याच कायद्यानें बंदी केली आहे.

दुसरी गफलत हिशेबाची. समजा, ६० लाखांची सदनिका दरमहा १५,००० रुपयांस दिली. वर्षाचे १,८०,००० झाले, म्हणजे शेंकडा ३. त्यांतून गृहनिर्माण संस्थेची वर्गणी ३०,०००, घरपट्टी ६,०००, रंग व नळदुरुस्ती ९,००० आणि एक रिकामा महिना १५,००० वजा केला तर १,२०,००० उरतात, म्हणजे अवघे शेंकडा २. बँकेची मुदतठेव यापेक्षां अधिक देते. पुढें घराची किंमत वाढेल हा भरंवसा निराळा. त्यानें महिन्याचा किराणा भरत नाहीं.

घर दुसऱ्यास दिलें म्हणून संस्था बिनभोगवटा शुल्क मागते. तें सेवाशुल्काच्या शेंकडा १० हून अधिक नसावें, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. अधिक मागितल्यास तो दाखवावा. आयकरांत घरपट्टी वजा जातां उरलेल्या भाड्यावर शेंकडा ३० सूट मिळते, पावत्या असोत वा नसोत.

भाडें वाढविण्याच्या हट्टापायीं चांगलें बिऱ्हाड घालवावें कीं नाहीं, हाही हिशेबच आहे. वरील घरास एक महिना कुलूप राहिलें तर १५,००० बुडाले. नव्या बिऱ्हाडानें दरमहा ५०० अधिक दिले, तरी ते भरून निघण्यास अडीच वर्षें लागतील.