आशियातील गोड्या पाण्याची कासवे – लेखांक ६ : मऊ पाठीचे कुळ

कासवाची पाठ म्हणजे त्याच्याच बरगड्या आणि मणके जुळून झालेली हाडांची ढाल. बहुतेक कासवांत या ढालीवर नखासारख्या कठीण द्रव्याचे खवले असतात. ट्रायोनिकिडी कुळाने हे खवले टाकून दिले. त्यांच्या जागी चामडीसारखी त्वचा आली, हाडांची ताटली मधोमध आक्रसली आणि कडा वाकवावी तशी वाकू लागली. कुळाच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘तीन नख्यांचे’. पायाला बोटे पाच, पण नख्या तीनच.

ढाल हलकी झाली, तसे जगणेही पाण्याच्या तळाशी गेले. उथळ पाण्यात अंग वाळूत पुरून कासव पडून राहते. लांब मान वर येते आणि नळीसारख्या नाकाचे टोक तेवढे पाण्याबाहेर निघते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते त्वचेतून आणि घशाच्या अस्तरातूनही घेते. चिनी मऊपाठी कासवाचे तोंड तर याहून नवलाचे काम करते. ते डोके पाण्यात बुडवून युरिया तोंडावाटे बाहेर टाकते, हे सिंगापूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. मूत्रावाटे युरिया टाकायचा तर भरपूर गोडे पाणी प्यावे लागते. मचूळ पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला ते परवडत नाही.

महाराष्ट्रातील तळी, विहिरी आणि भातखाचरांत आढळते ते लिसेमिस पंक्टाटा. त्याला उलटे केले की ओळख लगेच पटते: पोटाच्या मागच्या भागाला त्वचेच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आत ओढले की झडपा मिटतात आणि पाय दिसेनासे होतात. तळे आटले की ते चिखलात शिरून पावसाची वाट पाहते. त्याच्या व्हिटाटा या उपजातीचे वर्णन पीटर्स यांनी १८५४ मध्ये गोव्यातील नमुन्यावरून केले.

दख्खनच्या नद्यांतील मोठे मऊपाठी कासव म्हणजे निल्सोनिया लीथी. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून ते नोंदवले आणि मुंबईतील डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव त्याला दिले. पुढे बराच काळ ते अ‍ॅस्पिडेरेटीस या प्रजातीत गणले जाई आणि निल्सोनियात फक्त म्यानमारचे एक कासव असे. ही विभागणी पाठीच्या हाडांच्या मांडणीवर उभी होती. २००७ मध्ये डीएनएच्या तुलनेने दोन्ही गट एकच असल्याचे दाखवले, आणि जुने असलेले निल्सोनिया हे नाव कायम राहिले.

याच प्रजातीतले काळे कासव, निल्सोनिया निग्रिकन्स, चितगावच्या बायजिद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यात भाविकांच्या हातून खाऊन वाढले. २००२ मध्ये ते निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. नंतर आसाममधील हाजो येथील हयग्रीव माधव मंदिरासारख्या तळ्यांत आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातही ते सापडले.