बंद पडलेल्या नावेचें निदान

सरदार सरोवराच्या जलाशयामुळें धडगांवकडील नर्मदाकांठच्या कांहीं पाड्यांना दवाखान्याची वाट पाण्यावरून आहे. रुग्णाला नेणारें नावेचें डिझेल इंजिन मध्येंच थांबलें, तर प्रथम काय पाहावें?

डिझेल पेटण्यास ठिणगी लागत नाहीं. दाबलेल्या हवेची उष्णता पुरते. परंतु पुष्कळ इंजिनांत इंधनाची वाट विजेवर चालणारी एक झडप उघडी धरते. वीज तुटली, कीं झडप मिटते आणि टाकी भरलेली असूनही इंजिन थांबतें.

म्हणून पंप खोलण्याची घाई करूं नये. चावी फिरवून झडपेचा ‘टक्’ आवाज ऐकावा. तो न आल्यास फ्यूज, बॅटरीचीं गंजलेलीं टोकें व अर्थची तार तपासावी. झडपेपर्यंत वीज पोहोंचूनही ती मुकीच राहिली, तर बहुधा दोष तिचाच. आवाज येऊनही इंजिन न चालल्यास गाळणी व नळींत शिरलेली हवा पाहावी.

हा क्रम पाळला, म्हणजे रुग्णाचा मोलाचा वेळ वांचतो.